पुस्तकात नसलेला ठोका

रेल्वेच्या पुस्तकात आमच्यासारख्या फाटकाचा नियम एवढाच होता, की फाटक रस्त्याला कायम बंद ठेवायचं. गाडीवान आला की लाइनीकडे दोन्ही अंगांनी बघायचं, फाटक उघडायचं, तो पार गेला की पुन्हा लावायचं. वाचायला किती सोपं! ज्या शहाण्यानं हे लिहिलं, त्याला बाजाराच्या दिवशी आमच्या फाटकावर आणून उभा करायला पाहिजे होता. गुळाच्या गाड्या, हळदीच्या गाड्या, मेंढरं, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, आणि एकूण एकाला बाजार गाठायची घाई. लावलं की शिव्या, उघडायला उशीर झाला की शिव्या. हे सगळं सांभाळायला माणूस किती, तर एक. दिवसा तोच आणि रात्रीही तोच. त्या माणसानं झोपायचं कधी, याचा नियम त्या पुस्तकात कुठं आहे ते मला आजपर्यंत कुणी दाखवलेलं नाही.

तो माणूस म्हणजे माझा नवरा. लढाईचे दिवस होते. कुंडल आणि सांगलीच्या मधे एक बारकं स्टेशन, स्टेशनापासून वळणापलीकडं आमचं फाटक, आणि फाटकाला लागून रेल्वेची एक खोली. लग्न होऊन मी त्या खोलीतच आले. दारापुढं तुळस, मागं एक म्हैस, लाइनीकडेचं गवत फुकटचं. माहेरच्या बायका म्हणायच्या, पोरीनं नशीब काढलं. नोकरी सरकारी असल्यासारखीच, आणि वर पक्कं घर. नोकरी गेली की घरही जातं, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

बेचाळीसच्या चळवळीत आमच्या भागात तारा तुटायच्या, रूळ उखडले जायचे. रेल्वेनं फर्मान काढलं, की गेटमननं रात्री कंदील घेऊन लाइन फिरायची. आमचे हे रात्रभर चालायचे आणि सकाळी येऊन पुन्हा फाटकावर उभे राहायचे. उभ्या उभ्या डोळा लागायचा त्यांचा. एकदा तर बावटा हातात धरून खांबाला टेकलेले, आणि गाडी समोरून निघून गेली तरी यांना पत्ता नाही.

लाइनीचा इन्स्पेक्टर ट्रॉलीवरून तपासणीला आला, तेव्हा यांनी हात जोडून विचारलं, "सायेब, दिसाला एक आन् रातीला एक, आसं दोन मानसं मिळतील का? एकट्याच्यानं न्हाई हुईत."

मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. इन्स्पेक्टरनं माझ्याकडे बघितलं आणि हसला. "बायको आहे की रे तुझी! झाली की दोन माणसं!"

ट्रॉली ढकलणारे खलाशीही हसले. आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्या वेळी बरं वाटलं. एवढ्या मोठ्या साहेबानं आपल्याला माणसात धरलं! दुसऱ्या दिवसापासून मी पदर खोचला आणि दिवसाचं फाटक माझं झालं. बिनपगारी. लाल बावटा, हिरवा बावटा, साखळी, कुलूप, सगळं माझ्या हाती. इंजिनवरचे ड्रायव्हर मला हात करायचे. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम जाता-येता म्हणायचा, "काय गेटमनीनबाई, लाइन किलेर हाय न्हवं?" मी बावट्याची काठी उगारायची. अख्ख्या लाइनीला ठाऊक होतं की दिवसा फाटकावर मी असते.

आता मास्तरांचं सांगते. सांगायला जीभ उचलत नाही, पण त्यांच्याशिवाय ही गोष्टच नाही.

स्टेशनमास्तर वाईकडचे. गोरे, हडकुळे, आवाज मऊ. कधी कुणाला अरे म्हणून तोडून बोलले नाहीत. त्यांच्याकडे मी दूध घालायची. माझा पाठचा भाऊ पलटणीत गेला होता आणि त्याची पत्रं यायची थांबली होती. त्या दिवाळीत भाऊबीजेला मी दूध द्यायला गेले आणि मास्तरांच्या बायकोपुढं रडू फुटलं. मास्तर आतून बाहेर आले, अंगात धुतलेला सदरा, स्वतःच पाट मांडून बसले. म्हणाले, "ओवाळ. तुझा भाऊ परत येईपर्यंत मी आहे. आला की आम्ही दोघं." मी ओवाळलं. त्यांनी ताटात खण घातला. त्यानंतर प्रत्येक भाऊबीजेला ते वळण ओलांडून पायी आमच्या खोलीवर यायचे. आमच्यासारख्यांच्या घरी पाटावर बसून लाडू खायचे. गावात मी नाक वर करून चालायची.

भाऊ परत आला नाही. दादा मात्र मिळाले असं मी म्हणायची.

स्टेशनावर रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली की पोर्टर त्यावर हातोडीनं घण घण घण ठोके द्यायचा. ते सगळ्या गाड्यांना सारखेच, स्टेशनात तासभर थांबणाऱ्या गाडीलाही. नेहमीच्या गाड्या आम्हाला वेळेवरनंच कळायच्या, पण लढाईमुळं लष्कराच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. त्यांना ना वेळ ना काळ. आम्हाला कुणी सांगायचं नाही, आणि फाटक उघडं असताना एखादी अंगावर आली तर? मी दादांना म्हटलं, "ह्या पलटनीच्या गाड्यांनी जीव नकोसा क्येलाय. कवा येत्यात काय कळत न्हाई."

त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "एक करू. वेळेबाहेरची गाडी असली, की नेहमीचे ठोके झाल्यावर थोडं थांबायचं आणि मग एकच ठोका जोरात द्यायचा. तो एकटा ठोका ऐकलास की समज, गाडी तुझ्या अंगावर येतेय. मी स्वतः लक्ष ठेवीन." मग हळूच म्हणाले, "हे पुस्तकात नाही हो. पण तुझ्या जिवापेक्षा पुस्तक मोठं नाही."

त्या एकट्या ठोक्यावर आम्ही राहिलो. फाटक उघडं ठेवायचो, बाजार सुरळीत जायचा, शिव्या थांबल्या, यांना दिवसा घडीभर झोप मिळाली. ठोका पडला की मी हातातलं पीठ तसंच टाकून पळायची आणि फाटक लावायची. कधी चुकला नाही तो ठोका. इन्स्पेक्टर त्याच उघड्या फाटकासमोरून ट्रॉली घेऊन जायचा आणि माझ्या हातचा चहा प्यायचा. लोक मागाहून म्हणाले, तुम्ही नियम मोडला. आम्ही कसला नियम मोडतोय! नियम पाळायला माणसं दिली नाहीत, म्हणून त्या जागी आम्ही दादांचा शब्द ठेवला.

मग तो दिवस उजाडला. मास्तरांच्या मोठ्या मुलीला बघायला साताऱ्याची माणसं येणार होती. आदल्या दिवशीच दादांनी सांगितलं होतं, "उद्या दूध जास्त लागेल, बासुंदी करायचीय." मी सकाळी चरवी भरून पोचवली. स्वयंपाकघरात पोर नटून बसली होती, मी तिच्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली. पोर्टर सदरा बदलून पानाचं तबक घेऊन उभा. स्टेशनचा अख्खा जीव त्या दिवशी मास्तरांच्या ओसरीवर गोळा झाला होता.

दुपारी बाजाराची गर्दी जरा ओसरली. हे रात्रभर लाइन फिरून आलेले, आत घोंगडीवर पडले होते. मी फाटकाजवळ शेण्या थापत होते. एक म्हातारा गाडीवान गुळाच्या ढेपी घेऊन आला. गाडी भरलेली, बैल थकलेले. चाक रुळाच्या खाचेत बसलं आणि बैल अडले. म्हातारा म्हणाला, "बाई, जरा हात लाव गं." मी चाकाला हात घातला.

आणि वळणावरनं शिट्टी आली.

ठोके नव्हते. नेहमीचे नव्हते आणि आमचा एकटाही नव्हता. काहीच वाजलं नव्हतं. मी एवढ्या जोरात ओरडले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "आवं, उठा! गाडी! गाडी!" म्हाताऱ्याला मी धरून मागं ओढलं. हे आतनं उघड्या अंगानं धावत आले आणि बैल सोडायला गेले. एक सुटला. दुसऱ्याचं जोतं काही सुटेना. मी म्हणत होते, सोडा त्याला, मरूदे! पण शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस, बैल कसा सोडंल? इंजिननं बैलगाडीची मोळी केली, बैल जागेवर गेला, आणि हे लाइनीकडेला पडले तेव्हा यांचा उजवा हात चिरडला होता.

मिरजेच्या दवाखान्यात कोपराच्या वर हात कापला.

दादा आले दवाखान्यात. डोळे लाल झालेले. यांच्या उशाशी बसले, मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. "चौकशी लागलीय. साहेब वरून येणार आहेत. ऐक नीट. त्या एकट्या ठोक्याचं नाव काढू नकोस."

मी म्हटलं, "दादा, त्यो वाजलाच न्हाई त्या दिशी."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "माणसं आली होती घरात. पोर्टर तबकं फिरवत होता, मी... राहिलं. पण तो पुस्तकात नाही, हे समजतंय ना तुला? तो मी दिला असं कळलं तर मी जातो आणि तुम्हीही जाता. त्यापेक्षा एक करू. त्यानं सांगायचं, मी फाटकावरच होतो, गाडीनं वळणावर शिट्टी उशिरा दिली. मी त्याला दुजोरा देतो. म्हणजे हा कामावर असताना जखमी झालेला माणूस ठरतो. त्याला हलकं काम मिळेल, खोली राहील. माझी नोकरी राहिली तरच मी तुमच्यासाठी भांडू शकेन." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "भाऊबीजेची शपथ आहे मला."

भाऊबीजेची शपथ! मी यांना सगळं पढवलं. हे तापात होते, तरी म्हणाले, "मास्तर हायत ना? मग झालं."

चौकशी स्टेशनच्या खोलीत झाली. मधे वरून आलेला साहेब, मोडकंतोडकं मराठी बोलणारा, शेजारी आमचा लाइनीचा इन्स्पेक्टर. दारात गँगचा मुकादम आणि पोर्टर. हे भिंतीला टेकून उभे, सदऱ्याची एक बाही मोकळी. साहेबांनी विचारलं, यांनी ठरल्याप्रमाणं सांगितलं. मी खाली बघून उभी राहिले. मला ठोक्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

मग मास्तरांना विचारलं.

तोच मऊ आवाज. "साहेब, हे खरं नाही. गेटमन त्या वेळी झोपला होता. फाटक त्याची बायको सांभाळते. हे गैर आहे, असं मी त्याला कितीदा तरी समजावलं होतं. फाटक बंद ठेव म्हणूनही बजावलं होतं. पण अडाणी माणसं, ऐकत नाहीत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. ज्या तोंडानं माझ्या घरचा लाडू खाल्ला, त्याच तोंडानं हे बोलले. केसानं गळा कापला माझा!

मी पुढं झाले. यांनी डाव्या हातानं धरायला बघितलं, मी हात झटकला. "खोटं हाय सायेब! ह्यांनी ठोका ठरवून दिल्ता. येळंभायरची गाडी आली की एक ठोका जादा. त्यो त्या दिशी दिलाच न्हाई! घरात पावनं हुतं ह्यांच्या, मी सोता दूध घातलंय!"

साहेबांनी मास्तरांकडं बघितलं. "ऐसा ठोका हाय काय?"

"नियमात नाही, साहेब," मास्तर म्हणाले. "असली पद्धत आमच्या स्टेशनावर कधीच नव्हती."

मी पोर्टरकडं वळले. "आरं तुझ्याच हातानं वाजवायचास न्हवं? बोल की!" पोर्टरनं मान खाली घातली आणि पायानं जमीन उकरायला लागला. मुकादमाकडं बघितलं, जो रोज माझी थट्टा करून जायचा. तो म्हणाला, "आमी लाइनीवर आसतो सायेब, स्टेशनाचं आमाला काय म्हाईत न्हाई." सगळ्यांना पोरंबाळं होती, सगळ्यांना खोल्या होत्या. मला खोली नव्हती का?

शेवटी मी इन्स्पेक्टरपुढं गेले. "सायेब, तुमीच म्हनला हुता ना, बायको हाय की, झाली दोन मानसं? माज्या हातचा च्या पिऊन म्हनला हुता. आता सांगा की त्यास्नी!"

इन्स्पेक्टरनं टाय सारखा केला. म्हणाला, "बाई, तू रेल्वेची नोकर आहेस का?"

"न्हाई."

"मग फाटकाला हात लावायचा तुला अधिकार काय? तोच तर तुझ्या नवऱ्याचा गुन्हा आहे."

झालं. एवढ्यात मिटलं. राबताना मी दुसरा माणूस होते, आणि साक्षीला उभी राहिले तर कुणीच नाही. रात्रभर चालणाऱ्या माणसानं दिवसा झोपायचं की नाही, हे कुणी विचारलं नाही. यांना कामावरून काढलं. झोपलेला, नियम मोडणारा, खोटी साक्ष देणारा, असे तिन्ही ठपके ठेवून. भरपाईचा प्रश्नच मिटला. वर खोली रिकामी करायचा हुकूम. आम्ही म्हैस विकली, तुळस उपटून पाटीत घेतली आणि सांगलीला आलो. जाताना स्टेशनावरूनच जावं लागलं. मास्तर खिडकीत होते. मला वाटलं, निदान बाहेर येईल हा माणूस. खिडकी आतून लागली.

सांगलीत हळदीच्या पेठेत मी हळद निवडायला जायला लागले. यांना एका वखारीवर राखणीला ठेवलं. एका हाताचा माणूस आणखी काय करणार? राग यांना कधी आला नाही, त्याचाही मला राग यायचा. हे म्हणायचे, "त्यास्नी लेक उजवायची हुती गं. मानूस भितो." मी म्हणायची, भिला असता तर गप्प बसला असता. शपथ घालून आपलं तोंड बंद केलं आणि मग आपल्यालाच पुढं ढकललं, ह्याला भिणं म्हणत नाहीत. दर भाऊबीजेला माझं डोकं दुखायचं. मेलेल्या भावासाठी रडू यायचं आणि जित्यासाठी शिव्या यायच्या.

लढाई संपली, स्वराज्यही आलं. कुंडलला नात्यातल्या लग्नाला आम्ही दोघं बैलगाडीतून निघालो, तर वाट त्याच फाटकावरून. खोली तशीच होती. दारापुढं नवी तुळस. फाटक उघडं. आमची बैलगाडी रुळाजवळ आली आणि स्टेशनाकडून ठोके ऐकू आले. घण घण घण. मग थांबले.

मग एक. एकटा. जोरात.

मी काही विचार करायच्या आत गाडीतून खाली उडी टाकली. हेही उतरले होते, आणि मोकळ्या बाहीचा खांदा पुढं करून फाटकाकडं धावत होते. पण आमच्या आधी खोलीतून एक कोवळी पोर पळत आली. पिठाचे हात, पदर खोचलेला. आम्हाला "मागं व्हा, मागं व्हा!" म्हणत तिनं धाडकन फाटक लावलं. गाडी धडधडत गेली. कधीच नसलेल्या त्या ठोक्यानं सांगितलेली गाडी.

मी तिला विचारलं, "गेटमन कुठं हाय?"

"निजल्यात. रातपाळी क्येली." ती हसली. "दिसाचं म्याच बघती."

"आन् दुसरा मानूस?"

"दुसरा कशाला? मी हाय की."

मी विचारलं, "ह्यो एकटा ठोका कुनी शिकवला तुला?"

"मास्तरांनी," ती म्हणाली, आणि तिचं तोंड उजळलं. "लय देवमानूस. मला भाऊ न्हाई, तर भाऊबीजेला सोता चालत येत्यात वळन वलांडून. पाटावर बसून लाडू खात्यात आमच्यात!"

हे माझ्याकडं बघायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा यांच्या डोळ्यांत मला राग दिसला. मी तिचे पिठाचे हात धरले. "पोरी, माझं ऐक. त्या ठोक्यावर राहू नकोस. शिव्या खा, पन फाटक लावून ठेव. त्यो ठोका एक दिस वाजनार न्हाई."

तिनं हळूच हात सोडवून घेतले. माझ्याकडं, यांच्या मोकळ्या बाहीकडं बघितलं, आणि वेड्या बाईची समजूत काढावी तसं म्हणाली, "आवं मावशी, आसं कसं? दादा इसरतील व्हय?"

मग तिनं आम्हाला जाण्यासाठी फाटक उघडलं, आणि उघडंच ठेवून आत भाकरी थापायला गेली.